आसोचा ज्वालामुखी टूर: माहिती एक नंबर, हेल्मेट मात्र बदलाच

दादरच्या एका छोट्या टूर कंपनीबरोबर जपानला जाऊन आलो, घरचे चौघं. नाव मुद्दाम लिहीत नाही, हेल्मेट बदलतो म्हणालेत.

आधी चांगलं. जायच्या आधी त्यांनी दोन तास बसवून फक्त उडणाऱ्या दगडांबद्दल सांगितलं. मी अंधेरीची, गिल्बर्ट हिल, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला तिथला उंच खडक, बघत मोठी झालेली, पण ज्वालामुखी म्हणजे लाव्हा एवढंच डोक्यात होतं. जपानमधल्याच ओंताके ज्वालामुखीवर २७ सप्टेंबर २०१४ ला, शनिवारी, दुपारचे बारा वाजायच्या जरा आधी स्फोट झाला, शिखरावर लोक डबे उघडून बसले होते आणि इशाऱ्याची पातळी होती १, म्हणजे सगळ्यात खालची. ५८ जण गेले, ५ सापडलेच नाहीत, बहुतेकांना दगडच लागले. जमिनीखालचं पाणी तापून वाफेने फुटलं की असं होतं, आधी फारसं कळत नाही. त्यामुळे टूर लीडरदादांचा नियम एकच, पातळी कमी असली तरी वर रेंगाळायचं नाही, फोटो काढा नि खाली या, खाणं खालीच.

आसोला पोचल्यावर क्रेटर दाखवायच्या आधी त्यांनी काँक्रीटचे शेल्टर दाखवले आणि आम्हाला तिथपर्यंत चालायला लावलं, सासूबाईंना किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं, हे मला फार म्हणजे फारच आवडलं. १९५८ मध्ये तिथे १२ जण गेले, त्यानंतर हे शेल्टर बांधले. शेल्टर लांब असेल आणि दगड यायला लागले तर पाठ फिरवून पळायचं नाही, शिवाजी पार्कात उंच कॅच बघतो तसं वर बघत राहायचं, आपल्यावर येतोय असं वाटलं की बाजूला व्हायचं, मग मोठ्या खडकाआड बसून सॅक डोक्यावर धरायची.

आता हेल्मेट. दिलेली सायकलची होती, वरून भोकंवाली, एकाचा पट्टा तुटलेला. गिर्यारोहणाची हेल्मेट वरून पडणाऱ्या दगडासाठी टेस्ट केलेली असतात, ईएन १२४९२ (त्यासाठीचं युरोपचं मानक) लिहिलेलं असतं, तीच हवीत. मोठा दगड आला तर तेही पुरणार नाही हे मान्य, पण छोट्यांपासून डोकं वाचतं ना! एवढं छान शिकवणाऱ्या माणसांनी इथे पैसे वाचवावेत याचं वाईट वाटलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा अजून कापला कारण माझ्या नणंदेला दमा आहे, क्रेटरजवळ सल्फर डायऑक्साइड असतो म्हणून दमेकऱ्यांना वर मनाई, आणि हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं, बिचारी दीड तास खाली एकटी बसून होती. बुकिंगच्या फॉर्ममध्ये एक रकाना घातला असता तर आम्ही तिच्यासाठी दुसरं काहीतरी ठरवलं असतं.