नी-रेस्ट, हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत: सगळं अडतं ते आवळायच्या पेचापाशी

चार हजार दोनशे रुपयांच्या ॲडजस्टेबल नी-रेस्टचे (नेम धरताना रायफल गुडघ्यावर टेकवायच्या आधाराचे) आटे ऐन मे महिन्यात गेले. नॉब नुसता फिरतो, आवळत काही नाही, आणि रायफलचं वजन गुडघ्यावर आलं की खांब हळूहळू आत सरकतो. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: ‘ओव्हरटाइट केलंय, वॉरंटीत बसत नाही. नवीन ब्लॉक ९५० रुपये, कुरिअर वेगळं.’ त्याच दिवशी लिहायला बसले असते तर फक्त संताप उतरला असता. आता तो रेस्ट दुरुस्त होऊन बराच वापरून झालाय, आणि नागपुरातच करून घेतलेला दुसरा रेस्टही हाताशी आहे. त्यामुळे दोन्हींबद्दल नीट सांगता येईल.

हा रेस्ट बसून नेम धरणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे फील्ड टार्गेट पद्धतीने (मोकळ्या जागेत, वेगवेगळ्या अंतरांवरच्या पडत्या प्लेटांवर एअर रायफलने नेम). दहा मीटर एअर रायफलवाल्यांनी यात पैसे घालू नयेत. तो प्रकार उभ्याने असतो आणि त्यात पाम-रेस्टलाही (रायफलखालून तळहातावर टेकवायच्या आधारालाही) परवानगी नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने कांस्य जिंकल्यापासून ‘गुडघ्याचा सपोर्ट’ म्हटलं की बरेच जण थ्री-पोझिशनमधला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा प्रकारातला) नीलिंग रोल समजतात. तो रोल घोट्याखाली जातो, रायफलला त्याचा स्पर्शही होत नाही. मी सांगतेय तो ठोकळा रायफलच्या पुढच्या लाकडाखाली बसतो आणि गुडघ्यावर टेकतो. ऑनलाइन शोधायचा असेल तर ‘हॅमस्टर’ टाका.

माझी रायफल ४.५ मिमीची देशी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) आहे, ताकद साडेपंधरा ज्यूलच्या आसपास. आपल्याकडे याच बोअरची (नळीच्या व्यासाची) २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, आणि आंतरराष्ट्रीय फील्ड टार्गेटची मर्यादा १६.३ ज्यूल आहे, म्हणून दोन्हींत बसते. सराव काटोल रोडला मामेभावाच्या संत्र्याच्या बागेत चालतो. मागे मुरमाचा उंच बांध आहे आणि बांधापुढे लोखंडी पडत्या प्लेटा. मधल्या छिद्रातून पेलेट (छर्रा) गेलं की प्लेट पडते, दोरी ओढली की परत उभी राहते. अंतर ८ ते ५० मीटर, मोठ्यात मोठं छिद्र ४० मिमी.

पहिले काही महिने मी या रेस्टवर खूश होते, आणि ती खुशी खोटी नव्हती. पिशवीवर बसायचं, गुडघे वर घ्यायचे, रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. स्कोपमधलं क्रॉसहेअर (नेमाची फुली) प्लेटच्या खाली दिसलं तर खांब थोडा बाहेर काढायचा, वर दिसलं तर आत घालायचा. रेस्टशिवाय हेच काम डावा हात करायचा. हाताचा स्नायू दहाव्या पेलेटपर्यंत साथ देतो, मग थरथरायला लागतो. रेस्टमुळे वजन हाडावर येतं आणि हात मोकळा राहतो. मोकळ्या उन्हात तास-दीड तास बसायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आता त्या पेचाकडे येते, कारण माझ्या मते रेस्टमध्ये बघण्यासारखी तेवढीच एक गोष्ट आहे.

विकतच्या रेस्टमध्ये २० मिमीचा ॲल्युमिनिअमचा खांब एका ठोकळ्यातून वरखाली होतो. ठोकळ्याच्या बाजूला एम-६ चा (सहा मिमी जाडीचा) पेच, त्याला प्लास्टिकचा स्टार नॉब. नॉब आवळला की पेचाचं टोक थेट खांबावर दाबतं. चाळीस मिमीचा नॉब नेटाने आवळला तर सहज ३ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, आणि एम-६ च्या टोकाला त्याचा अडीचशे किलोच्या आसपास दाब होतो. टोक गोलसर, म्हणजे हा सगळा दाब ज्वारीच्या दाण्याएवढ्याही जागेवर नाही. मऊ ॲल्युमिनिअमवर खड्डा पडणारच.

खड्डा दिसायला वाईट म्हणून मी चिडलेली नाही. एकदा खड्डा पडला की त्याच्या मिलिमीटरभर वर किंवा खाली खांब थांबतच नाही. तुम्ही नीट उंची लावता, नॉब आवळता, आणि आवळता आवळता टोक जुन्या खड्ड्यात घरंगळतं. उंची पुन्हा तीच. बारीक ॲडजस्टमेंटसाठी घेतलेली वस्तू बारीक ॲडजस्टमेंटच करू देत नाही! ‘सरकतंय’ म्हणून माणूस आणखी जोरात आवळतो, खड्डा आणखी खोल होतो, आणि शेवटी आटे जातात. ठोकळ्याची भिंत मोजली तर पेचाला धरायला जेमतेम सहा मिमी ॲल्युमिनिअम. पोलादात पेचाच्या जाडीएवढे आटे पुरतात, ॲल्युमिनिअममध्ये दीडपट ते दुप्पट लागतात. नऊ ते बारा मिमी हवे होते, दिले सहा. आणि मग वर सांगायचं की ग्राहकाने जास्त आवळलं. नॉब तुम्हीच दिलात, पाना नाही दिलात. हाताने आवळून जे तुटतं ते बनवणाऱ्याच्या हिशोबातच कमी असतं.

दुसरा दोष याच पेचातून निघतो. खांब आणि भोक यांच्यातली फट व्हर्निअरने ०.३ मिमीच्या आसपास भरली, पकडीची लांबी २५ मिमी. म्हणजे खांबाला पाऊण अंशाच्या जवळपास कलायला जागा आहे. पेच एकाच बाजूने ढकलतो, म्हणून आवळताना रायफल दरवेळी उजवीकडे झुकते. आकड्यात बघितलं तर हे किरकोळ वाटेल. ८.४ ग्रेन वजनाचं पेलेट सेकंदाला २३८ मीटरने निघालं तर ४५ मीटरवर पोचेपर्यंत नळीच्या रेषेखाली साधारण २२ सेंटीमीटर येतं. रायफल ३ अंश कलली तर मार जवळपास १२ मिमी बाजूला जातो, ४० मिमीच्या छिद्रात केंद्रापासून निम्म्याहून जास्त. पाऊण अंशाला तीन मिमीही होत नाहीत. पण स्कोपवरचा बबल (पातळी दाखवणारा बुडबुडा) कललेला दिसला की आपण मनगटाने रायफल सरळ करतो, आणि मग पूर्ण नेम होईपर्यंत मनगट तिला पिळून धरतं. ज्या स्नायूला सुट्टी द्यायला रेस्ट घेतला तो पुन्हा कामाला लागतो. मला हे तीन मिमीपेक्षा कितीतरी महाग वाटतं.

सॅडलखालच्या (गुडघ्यावर टेकणाऱ्या भागाखालच्या) तिरप्या पाचरीबद्दल थोडक्यात. ती थ्री-डी प्रिंट केलेली, पीएलए या प्लास्टिकची. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं. पाचर वाकली. यावर विक्रेत्याचा सल्ला होता की वस्तू गाडीत ठेवू नका. भारतात विकायची तर एबीएसमध्ये छापा, ते शंभर अंशांपर्यंत टिकतं.

इथपर्यंतचा मजकूर जूनमध्ये टिपून ठेवला होता आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. ते वाक्य आता काढलंय, त्याचं कारण हिंगणा एमआयडीसीतले एक लेथवाले काका. रेस्ट हातात घेऊन त्यांनी भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ह्याच्यात आटेच नाही राहिले. ॲल्युमिनिअमले थेट पेच मारून देल्ला त्यायनं. आन् खाली पितळ काहून नाही टाकलं?” त्यांनी भोक मोठं करून हेलिकॉइल बसवलं, म्हणजे पोलादी तारेचे नवे आटे. मग पेचाचं टोक सपाट केलं आणि पेच व खांबाच्या मधे पितळेची एक छोटी गोळी टाकली, तिची खांबाकडची बाजू खांबाच्या गोलाईला जुळेल अशी घासून. खांबावरचे खड्डे कानसीने आणि पॉलिश पेपरने उतरवले. सगळ्याचे दीडशे रुपये. त्यानंतर त्या खांबावर नवा ओरखडाही नाही. अर्ध्या जोराने आवळलं तरी धरतो, कारण गुडघ्यावर येतं ते चार-पाच किलोच वजन, त्याला अडीचशे किलोच्या दाबाची गरज कधीच नव्हती. म्हणजे वस्तूची कल्पना चांगली होती, ती दोन-चार रुपयांच्या पितळेपायी बिघडवली. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. एका बाजूचा झुकाव मात्र पितळेने गेला नाही, तो राहिलाच.

त्या झुकावासाठी दुसरा रेस्ट करून घेतला. एका बाजूने टोचण्याऐवजी चारही बाजूंनी आवळणारी पकड हवी होती, आणि ती सायकलच्या सीटखाली आयती मिळते. २५.४ मिमीचा ॲल्युमिनिअमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि २८.६ चा क्विक-रिलीज क्लॅम्प (दांडीने आवळायची गोल पकड) आणला. काकांनी एचई-३० या ॲल्युमिनिअमच्या बारमधून एक बाही कातून दिली: आत २५.४, बाहेर २८.६, लांबी ४५ मिमी, खालच्या टोकाला दोन मिमीची चीर. बाही आठ मिमीच्या पट्टीवर बसवली, आणि पट्टी रायफलखालच्या टी-खाचेत दोन नटांनी. क्लॅम्पची दांडी दाबली की चीर मिटते आणि बाही खांबाला सगळीकडून सारखी धरते. खड्डा पडायला टोकच नाही. फटही नाही, कारण बाही खांब हातात घेऊनच कातली. बबल आवळण्याआधी जिथे, आवळल्यावरही तिथेच. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दांडी उगाचच बराच वेळ उघडझाप करत बसले होते.

करून घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. खांब बाहीत सरकणारा असेल तर हालचाल बाहीच्या लांबीतूनच मिळते, कारण वर रायफलचं लाकूड आहे, खांब त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ४५ मिमीच्या बाहीत किमान २५ मिमी खांब अडकलेला ठेवायचाच, म्हणजे खेळायला २० मिमी उरतात. सपाट जागेला ते पुरतात. चढ-उताराच्या प्लेटांना पुरत नाहीत. त्यासाठी एकाच सीटपोस्टमधून दोन लांबीचे तुकडे कापून घ्यावे. बाही लांब करायचा मोह टाळा, कमीत कमी उंची वाढते आणि ठेंगण्या माणसाची मान आखडते.

गोल खांब फिरतो म्हणून दोन खांबांचं डिझाइन घ्या, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. बसल्यावर आपला गुडघा नळीच्या रेषेत नसतो, बाहेरच्या बाजूला तिरका असतो, आणि प्रत्येकाचा तिरकेपणा वेगळा. सॅडल थोडं फिरवून त्या तिरकेपणाला जुळवता आलंच पाहिजे. दोन खांबांत ती सोय जाते, वर दोन नॉब आवळायचे.

सॅडलसाठी लकडगंजमधून सागवानाचा उरलेला तुकडा मिळाला, साठ रुपयांत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाला पावसाळ्यात फारसं फुगणं-आकसणं नसतं, आणि जुलै-ऑगस्ट उलटूनही स्क्रू ढिले झालेले नाहीत. रुंदी ९५ मिमी ठेवली, गोलाई अगदी उथळ. खोल वाटी बघायला छान वाटते, पण गुडघा तिच्यात दरवेळी वेगळ्या ठिकाणी रुततो. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, वाळताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. टेकायच्या बाजूला आधी सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं होतं. घामाने आणि उन्हाने ते चिकट झालं आणि पॅन्टला धरून रायफल ओढायला लागलं. आता चपला शिवणाऱ्या दादांकडून घेतलेलं चामडं आहे, खरखरीत बाजू खाली. सुती पॅन्टवर धरतंही आणि सुटतंही.

एकूण खर्च नऊशेच्या आत, लेथची मजुरी धरून. विक्रेत्याच्या सुट्या ब्लॉकपेक्षा कमी. वजन विकतच्या रेस्टपेक्षा थोडं जास्त भरतं, पण ते रायफलच्या तोलाजवळ बसतं, त्यामुळे जाणवत नाही. उणीव एकच: दांडी बाहेर डोकावते आणि उठताना पॅन्टच्या खिशात अडकते. ती उजवीकडे वळवून पाहिली, तर गालाशेजारून स्कोपचं फोकस फिरवताना हाताला लागते. त्यामुळे सध्या डावीकडे, मागे वळवलेली.

विकतचा रेस्ट मामेभावाच्या रायफलवर आहे, पितळेच्या गोळीसकट. त्याला झुकाव जाणवत नाही, तो वीस मीटरच्या पुढे फारसा जात नाही. विक्रेत्याला मी खड्ड्यांचे आणि पितळेचे फोटो पाठवले, दुरुस्ती कशी केली तेही लिहिलं, पैसे मागितले नाहीत. उत्तर नाही. परवा त्यांच्या नव्या मालाचा फोटो मोठा करून पाहिला. रंग लाल झालाय, नॉब मोठा झालाय, पेच तोच आहे.

ज्यांना करून घ्यायचाय त्यांनी लेथवाल्याला नुसती मापं सांगू नयेत, सीटपोस्ट आणि क्लॅम्प सोबत घेऊन जावं. २५.४ लिहिलेला पोस्ट प्रत्यक्षात २५.२ ही निघतो, आणि बाही त्याच तुकड्यावर जुळवून कातली तरच फट राहत नाही. माझा दुसरा, लांब तुकडा कापून तयार आहे. पाऊस उघडला की बागेच्या उताराकडच्या प्लेटांवर लावून बघेन आणि उंचीचे आकडे इथेच खाली जोडेन.