सर्च इंजिन म्हणून साधी डेटाबेस क्वेरी विकली, आमची झालेली फसवणूक

आमची पुस्तकांची वेबसाइट आहे, हजारो पुस्तकं, आणि लोकांची एकच तक्रार असायची की शोधलं तर सापडत नाही. म्हणून एका डेव्हलपरला सर्चचं काम दिलं. तो म्हणाला आमचं स्वतःचं एआय सर्च इंजिन आहे, स्पेलिंग चुकलं तरी बरोबर पुस्तक येतं, फक्त दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे. डेमोत त्याने 'पाककृति' असं ऱ्हस्व टाकून दाखवलं, लगेच 'पाककृती'ची पुस्तकं वर आली. आम्ही खूश. लाइव्ह झाल्या झाल्या सगळे पैसे देऊन टाकले.

पंधरा दिवसांत एका वाचकाचा मेल आला, 'शेती सेंद्रिय' टाकलं तर एकही पुस्तक येत नाही. मी स्वतः बसून बघितलं. 'सेंद्रिय शेती' टाकलं की अकरा पुस्तकं, तेच शब्द उलटे टाकले की शून्य, 'शेति' टाकलं तरी शून्य. मग ओळखीच्या एका मुलाला कोड उघडून बघायला सांगितलं आणि आत इंजिन वगैरे काही नव्हतंच हो! डेटाबेसला विचारलेला एक साधा प्रश्न, ज्याला लाइक क्वेरी म्हणतात, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह, म्हणजे टाइप केलेलं जसंच्या तसं पुस्तकाच्या नावात आहे का एवढंच बघायचं. आणि त्याच्या वर हाताने लिहिलेली बारा-तेरा शब्दांची यादी, 'पाककृति' आलं तर 'पाककृती' कर. डेमोत दाखवलेला एकूण एक शब्द त्या यादीत होता. ते बघून डोकंच सुन्न झालं.

साइट का रखडत होती तेही तेव्हा कळलं, कारण सुरुवातीलाच टक्का असला की डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची क्रमवार यादी, कामाला येत नाही, दरवेळी सगळं टेबल वाचावं लागतं. खरं सर्च इंजिन आधीच सगळा मजकूर फोडून कुठला शब्द कुठे आहे याची सूची करून ठेवतं, जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी. याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. आणि हे सगळं फुकट मिळतं! ल्युसीन (Lucene) नावाचं सर्चचं तयार सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, त्यावर उभं असलेलं सोलर (Solr) हे सर्च इंजिन पण फुकट, एक-दोन अक्षरं चुकली तरी शोधायची सोय त्यातच आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर २००८ च्या ८.३ व्हर्जनपासून फुल टेक्स्ट सर्च, म्हणजे मजकुरातले शब्द शोधायची सोय, आतच येतं. ते नीट बसवायला मेहनत लागते, त्याचे पैसे जरूर द्यावेत. पण लायसन्स कसलं?

फोन केला तर "सर, ते बेसिक व्हर्जन आहे, अपग्रेड घ्या." करारात फक्त 'सर्च सुविधा' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

तुम्ही कुणाला हे काम देणार असाल तर डेमो तुमच्याच डेटावर घ्या आणि शब्द तुम्हीच टाका. उलटे करून टाका, वेलांटी चुकवून टाका, एखादी नवीन वस्तू साइटवर चढवून ती किती वेळात सापडते बघा. खाली नेमकं कुठलं सॉफ्टवेअर आहे ते नावासकट करारात लिहून घ्या, आणि सर्व्हरचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच ठेवा. आमच्याकडे तेवढा होता म्हणून निदान कोड तरी उघडून बघता आला.