खोक्यात बोल्ट नाही: बाहेरच्या डँपर पुलीचे नऊ महिने

क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला बसून बेल्ट फिरवणारी ही डँपर पुली वाईट नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण जानेवारीत मी हिला एक तारा दिला होता आणि तोही जिवावर येऊन. आता साडेतीन देतोय. कापलेल्या दीडातला अर्धा माझ्या माथी, एक मात्र खोक्याच्या.

गाडी २०१३ ची डिझेल, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. ऐन श्रावणात जुन्या पुलीचं रबर सुटलं. बाहेरची कडी मधल्या तुंब्यावरून सरकली, बेल्ट लंगडत पळायला लागला आणि सकाळी गाडी सुरू केली की अख्खी गल्ली खिडकीत. गाडीच्या कंपनीच्या पुलीचा भाव ७,४०० सांगितला. बाहेरची, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेली, २,६५० ला. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून, म्हणजे लेथवाल्यांच्या वस्तीपासून, दोन किलोमीटरवर राहून पुलीला ७,४०० मोजायचे म्हणजे घरात म्हैस आणि दूध पिशवीचं.

भाच्याचं वेगळंच चाललं होतं. "मामा, ॲल्युमिनियमची हलकी घ्या, पिकअप वाढतो." डिझेलच्या प्रत्येक ठोक्याला क्रँक थोडा पिळला जातो, तो पीळ जिरवायला ते रबर असतं. ते काढून नुसतं हलकं चाक लावायचं तर तो हिसका जिरणार कुठे? शिवाय त्यातल्या लहान व्यासाच्या पुलीला बेल्ट आखूड लागतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मंद फिरतो. तो विषय तिथेच संपवला.

बसवताना मिस्त्रीनं पुली क्रँकला आवळणारा जुना बोल्ट उलटापालटा करून पाहिला. "साहेब, बोल्ट झकास हाय. तारेच्या ब्रशनं घासून देतो, कशाला तीनशे-साडेतीनशे घालवताय?" असं बोलणारा माणूस मला लगेच आवडतो. बेल्टवरही बोट फिरवून म्हणाला, "चीर नाही, चालतंय की." मग पान्याला पाईप घालून, अंगाचा भार टाकून आवळलं. दोघंही खूश.

पहिल्या महिन्यात मी येईल त्याला ही पुली सांगत होतो. इंजिनाची थरथर गेली, एसी लावल्यावर स्टिअरिंगमध्ये येणारी गुणगुण गेली. फक्त पावसात सकाळी बेल्ट किंचाळायचा. गणपतीत तर आरतीला साथ दिल्यासारखा. शेवटी बाटलीतून चालू बेल्टवर पाणी मारून पाहिलं. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बंद झाला, तर पुल्या एका रेषेत नाहीत; वाढला, तर बेल्ट घसरतोय. माझा वाढला. जुन्या काळी बेल्टला चिरा पडायच्या, त्या बघून तो बदलायचा हे कळायचं. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट चिरा न पडता झिजतात. वरून नवे दिसतात, पण आतल्या बाजूच्या उभ्या धारा बारीक होऊन पुलीच्या खाचेत खोल बसतात आणि पकड जाते. सहा धारांचा, म्हणजे ६पीके बेल्ट नवा घातला. जुना नंबर वाचूनच घेतला, कारण पुढचा आकडा लांबीचा असतो, मिलिमीटरमध्ये. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदलला, त्याचं बेअरिंग हातानं फिरवल्यावर वाळू दळल्यासारखं वाजत होतं. आवाज तेव्हापासून बंद. नव्या पुलीवर जुना बेल्ट ठेवणं म्हणजे नवी चप्पल घेऊन जुना अंगठा शिवून लावणं.

मग जानेवारी. रत्नागिरीला निघालो, मलकापूर सोडलं, आंबा घाट अजून लागायचा होता. बॅटरीचा दिवा लागला, मागोमाग स्टिअरिंग दगड झालं. बॉनेट उघडलं तर बेल्ट बाहेर आणि पुली डोलतेय. हातानं हलली! टोचन लावून गाडी कोल्हापुरात आणायला ३,२०० गेले आणि त्या रात्रीच मी तो एक तारा दिला.

दुकानदाराशी भांडलो. त्यानं पुली पाहिली, आतली चावीची, म्हणजे पुली आणि क्रँकच्या मध्ये बसणाऱ्या लोखंडी तुकड्याची, खाच रुंदावलेली दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "बोल्ट आमचा नव्हता. वॉरंटी बसत नाही." त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

बोल्टचं खरं प्रकरण उद्यमनगरातल्या लेथवाल्या तात्यांनी उलगडलं. मी जुना बोल्ट घेऊन गेलो होतो, म्हटलं असाच एक करून द्या. त्यांनी तो कंपनीच्या नव्या बोल्टशेजारी उभा केला. जुना नखभर लांब, आणि आट्यांच्या वर मान बारीक झालेली. "ह्याचा पीळ गेलाय बघा. हा एकदाच ताणायचा माल." मी हट्ट धरला तर म्हणाले, "मी लेथवर आटे कापणार. ह्याचे आटे दाबून काढलेले असत्यात, त्याची ताकद कापलेल्याला येत न्हाई. गपगुमान नवा घे." ज्या गल्लीत मागाल ते बनतं, तिथला माणूस काम नाकारतोय म्हटल्यावर मी गप्प.

घरी येऊन डोकं चालवलं. पुलीला धरून ठेवतो तो बोल्टचा दाब. चावी फक्त पुली जागेवर बसवायला. सगळा जोर तिच्यावर आला की तीही चेचते आणि खाचही. आवळण्याचा जोर बराचसा आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो, म्हणून असे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आणि मग ठरलेल्या अंशांत आणखी फिरवून लावतात. तेवढ्यानं तो स्प्रिंगसारखा ताणून बसतो. एकदा ताणलेला पुन्हा तसा धरत नाही, कितीही पाईप घाला.

नशीब, क्रँकची खाच वाचली. दुसरी पुली, नवी चावी, ३४० चा नवा बोल्ट. या वेळी मिस्त्रीला टॉर्क रेंच आणि अंशमापक शेजारच्या गॅरेजमधून मागवायला लावलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लईच बारकाईनं बघताय आता." दोन पुल्या, बोल्ट आणि टोचन मिळून ८,८४० झाले, मजुरी वेगळी. ७,४०० ची पुली महाग वाटली होती.

त्यानंतर सहा हजार किलोमीटर झाले. दोनदा आंबा घाट, एकदा भर उन्हात एसी लावून सोलापूर. रबर शाबूत, डोलणं शून्य, बेल्टची एकही धार उचकटलेली नाही. पुलीला माझी तक्रार नाही. तक्रार खोक्याबद्दल आहे: त्यावर सोनेरी होलोग्राम आहे, धन्यवादाचं कार्ड आहे, पण "नवा बोल्ट वापरा" एवढी तीन शब्दांची चिठ्ठी नाही.

गेल्या आठवड्यात मेहुण्यासाठी हीच पुली मागवली. खोकं उघडून आधी बोल्ट शोधला. नव्हता. होलोग्राम मात्र आता मोठा केलाय.