केसांवरून ॲलर्जी सांगणारा आणि 'चिकन-फ्री' डबे विकणारा माणूस एकच होता

'कुत्र्याचे चार केस आणि लाळेचा बोळा कुरियरने पाठवा, आठवड्यात दोनशेहून जास्त पदार्थांच्या ॲलर्जीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर.' ही जाहिरात तुमच्यापर्यंत आली असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आमचे यात पंधरा-सोळा हजार गेले. त्याहून चीड या गोष्टीची, की चिंगी विनाकारण आणखी तीन महिने अंग खाजवत राहिली.

चिंगी आमची लॅब्रेडॉर. पंजे चाटून चाटून लालभडक, कानांना कायम वास, पोटाखालचे केस गळलेले. डोंबिवलीच्या पावसाळ्यात कुठल्या कुत्र्याला खाज सुटत नाही? त्यामुळे गोचीड, पिसवा, बुरशी हे सगळं आधी तपासून झालं. गोळ्या चालू असेपर्यंत आराम, बंद केल्या की पुन्हा तेच. उन्हाळा-हिवाळा काही फरक नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, खाण्याची ॲलर्जी असू शकते. आता आठ आठवडे तिला एकतर कधीच न खाल्लेलं एकच प्रोटीन द्यायचं, किंवा हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं ड्राय फूड. त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक कुत्र्यांच्या शरीराला ते ओळखूच येत नाहीत. बाकी काहीही नाही. बिस्किट नाही, दही नाही, पोळीचा तुकडाही नाही. आमच्या सासूबाई जेवायला बसल्या की चिंगी त्यांच्या ताटाशेजारी हजर असते, तेव्हा हे किती अवघड ते तुम्हीच ओळखा.

नेमका तेव्हाच सोसायटीच्या ग्रुपवरून या गृहस्थांचा नंबर मिळाला. स्वतःला पेट न्यूट्रिशनिस्ट म्हणवतात. बोलणं तुपाळ. "ताई, लेकराला आठ आठवडे कशाला छळता? केस पाठवा, मी सांगतो काय द्यायचं ते." टेस्टचे साडेचार हजार.

रिपोर्ट छान रंगीत आला. लाल रंगात चिकन, गहू, दूध, अंडं, तांदूळ, गाजर, भोपळा. हिरव्या रंगात सुरमई, रताळं, किनोआ. यातली मेख नीट बघा. परदेशातल्या अभ्यासांत कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत गोमांस पहिलं, त्यामागोमाग दूध, चिकन आणि गहू. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा आपल्याकडच्या कुत्र्याच्या भांड्यात सहसा काय पडतं? चिकन-भात आणि दूध-पोळी. म्हणजे चिकन, गहू, दूध लाल दाखवायला केसांकडे बघायचीही गरज नाही. त्यावर भात, गाजर, भोपळाही लाल केला की घरात शिजवण्यासारखं काही उरत नाही. आणि हिरव्या यादीतलं सगळं नेमकं त्यांच्याच डब्यांत मिळतं!

'फिश अँड रताळं' असे फ्रोझन डबे, महिन्याचे पैसे आगाऊ, यूपीआयवर. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न-सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबरही होता. हा नंबर बघून बरेच जण निर्धास्त होतात. पण २००६ च्या ज्या कायद्याखाली तो मिळतो, त्यात अन्न म्हणजे माणसांचं अन्न. जनावरांचं खाद्य त्या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे कुत्र्याच्या डब्यात काय आहे, याबद्दल तो नंबर काहीच सांगत नाही. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, उत्पादनाचा महिना, वजन, एमआरपी हे मात्र पॅकबंद मालावर छापावंच लागतं. त्यातलं एकही डब्यावर नव्हतं.

खाज कमी होईना. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "डिटॉक्स चालू आहे ताई, आधी वाढतं, मग उतरतं." मग एका डब्यात हाड सापडलं. माझं माहेर मालवणचं. माशाचा काटा कुठला आणि कोंबडीच्या मानेचा मणका कुठला, हे मला कोणी शिकवायला नको. फोटो पाठवला. त्यावर त्यांचा खुलासा जसाच्या तसा देते: "चवीसाठी थोडा चिकन स्टॉक घालतो. स्टॉकमध्ये प्रोटीन नसतं, ते पाण्यात निघून जातं."

अहो, ते पाणी म्हणजेच स्टॉक ना?

आमच्या ह्यांना राहवेना. त्यांनी चिंगीचेच केस आणि लाळ नणंदेच्या ठाण्याच्या पत्त्यावरून पाठवले. नाव टायगर, नर, बीगल. दुसऱ्या रिपोर्टमध्ये चिकन हिरवं, तांदूळ हिरवा, आणि सुरमई लाल! टायगरसाठी 'डक अँड नाचणी' डबा सुचवला होता, अर्थात त्यांच्याचकडचा. कुत्री नर आहे की मादी हेही टेस्टला कळलं नाही, पण डबा कुठला विकायचा ते बरोबर कळलं.

दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवले तेव्हा ते हसले. अशा टेस्टवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यात खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम फर आणि लाळेऐवजी सलाइनही पाठवलं होतं, आणि त्या फरलाही ॲलर्जी निघाली होती. रक्ताच्या तपासणीवरूनसुद्धा अन्नाची ॲलर्जी खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचा उपयोग धूळ, परागकण यांच्या ॲलर्जीची इंजेक्शनं ठरवताना होतो.

मग पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे. कारण मध्ये चिकनचा अंश पोटात गेला की आधीचे दिवस वाया. चिंगीला हायड्रोलाइज्ड फूड दिलं, कंपनीच्या सीलबंद पिशवीतलं. दुकानदार स्वस्तात सुटं देत होता, ते घेतलं नाही. त्याच्याकडे सगळ्या पोत्यांत एकच माप फिरतं. जंताची फ्लेवरवाली गोळीसुद्धा डॉक्टरांनी बदलून साधी दिली, कारण त्या चवीसाठी बऱ्याचदा मांसाचाच अंश वापरतात. सासूबाईंनी ताट टेबलावर हलवलं.

महिन्याभरात कान कोरडे झाले, मुदत संपेपर्यंत पोटावर लव आली. त्यानंतर डॉक्टरांनी मुद्दाम उकडलेलं चिकन सुरू करायला सांगितलं. हे करायला जिवावर येतं, पण पुराव्याचा भाग हाच. आठवडा व्हायच्या आत ती पुन्हा पंजे चाटायला लागली. चिकन बंद केलं, थांबली. पुढे एकेक करून तांदूळ, गाजर, भोपळा देऊन बघितले. रिपोर्टमधल्या या तिन्ही लाल पदार्थांनी तिला काहीही झालं नाही.

पैसे परत मागितल्यावर "टेस्ट नॉन-रिफंडेबल आहे" म्हणून आम्हाला ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. डब्यांचे फोटो, दोन्ही रिपोर्ट, यूपीआयच्या नोंदी आणि तो स्टॉकवाला मेसेज जोडला आहे. तुमच्याकडे त्यांचे चॅट असतील तर डिलीट करू नका. इन्स्टाग्रामवर गृहस्थ आता नव्या नावाने आले आहेत. 'फिश अँड रताळं'च्या डब्याचा फोटो तोच आहे, फक्त लेबलवर आता 'लॅम्ब' लिहिलंय.