पामर एलटीईआरची खुली आकडेवारी: सोलापुरातील वर्गात वापरल्यानंतरचे परीक्षण

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला अँव्हर्स बेटावर अमेरिकेचे पामर नावाचे छोटे संशोधन केंद्र आहे. या केंद्राभोवतीच्या सागरी परिसंस्थेचे दीर्घकालीन निरीक्षण करणारा पामर एलटीईआर (लाँग टर्म इकॉलॉजिकल रिसर्च) हा प्रकल्प 1990 पासून चालू असून, त्याच्या नोंदी जगातील कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. सोलापुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना मी या नोंदी नियमितपणे वापरतो. एखाद्या यंत्राचे किंवा पुस्तकाचे परीक्षण लिहावे तसे या सेवेचेही लिहिले पाहिजे, असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. कारण आपल्याकडील कितीतरी शिक्षकांना ही सेवा आपल्यासाठीही खुली आहे याची कल्पना नसते, आणि ज्यांना असते ते ‘हे आपल्या कामाचे नाही’ असे गृहीत धरून पुढे जातात.

सेवेचे स्वरूप साधे आहे. प्रकल्पाचे तक्ते एन्व्हायर्न्मेंटल डेटा इनिशिएटिव्ह या संग्रहात ठेवलेले असतात. पेंग्विनांच्या घरट्यांची मोजणी, पिल्लांची वजने, पेंग्विनांचा आहार, पाण्यातील हरितद्रव्य, जाळ्यात सापडलेले प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे लहान प्राणी), तळाकडे झरणारा सेंद्रिय गाळ, अशा प्रत्येक विषयाचा स्वतंत्र संच असतो आणि प्रत्येक संचाला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी ओळख-क्रमांक असतो. नोंदीत दुरुस्ती झाली तर नवी आवृत्ती वेगळ्या क्रमांकाने येते आणि जुनी तशीच राहते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याने कोणत्या आकड्यांवर काम केले होते हे आजही तपासता येते. तक्ते सीएसव्ही स्वरूपात असल्याने कोणत्याही संगणकावर उघडतात, आणि ‘आर’ किंवा ‘पायथॉन’ या संगणकीय भाषांमध्ये तक्ता वाचून घेण्याच्या आज्ञाही संग्रहाच्या पानावरच तयार मिळतात. बहुतेक तक्ते इतके लहान आहेत की मोहोळ किंवा अक्कलकोटहून ये-जा करणारा विद्यार्थीही ते मोबाइलच्या इंटरनेटवर सहज उतरवून घेतो.

नवख्याने सुरुवात मात्र मूळ संग्रहापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच प्रकल्पातील क्रिस्टन गोरमन यांनी 2007 ते 2009 या काळात घेतलेली पेंग्विनांची मापे, अ‍ॅलिसन हॉर्स्ट आणि अ‍ॅलिसन हिल यांच्या सहकार्याने, 2020 मध्ये ‘पामरपेंग्विन्स’ या नावाने ‘आर’साठी तयार संच म्हणून उपलब्ध झाली. त्यात टॉर्गरसन, ड्रीम आणि बिस्को या तीन ठिकाणचे 344 पक्षी आहेत: 152 अ‍ॅडेली, 124 जेंटू आणि 68 चिनस्ट्रॅप. संख्याशास्त्राच्या वर्गात पिढ्यानपिढ्या संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1936 मध्ये वापरलेली आयरिस फुलांची मापे गिरवली गेली. त्यांच्या जागी हा संच आणल्यापासून माझ्या वर्गातील प्रश्नांचा दर्जाच बदलला.

याचे एक उदाहरण तपशिलाने सांगण्यासारखे आहे. सर्व पक्षी एकत्र घेऊन चोचीची लांबी आणि चोचीची जाडी यांचा आलेख काढला, तर रेषा खाली उतरते. म्हणजे चोच जितकी लांब तितकी ती बारीक, असा निष्कर्ष निघतो. मग त्याच बिंदूंना प्रजातीनुसार तीन रंग दिले की तिन्ही गटांतील रेषा वर चढताना दिसतात. जेंटूची चोच लांब पण तुलनेने बारीक असते, अ‍ॅडेलीची आखूड आणि जाड. या दोन ढिगांच्या जागांमुळे एकत्रित रेषा फसवी ठरते. गेल्या वर्षी हा आलेख पडद्यावर आल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे आपण गट पाडले नसते तर आकडे खरे असूनही उत्तर उलटे आले असते?” सिम्प्सनचा विरोधाभास फळ्यावर सूत्रांनी शिकवताना असा प्रश्न मला क्वचितच ऐकायला मिळाला आहे. शिवाय या संचात दोन पक्ष्यांची मापे नाहीत आणि काहींच्या लिंगाची नोंद नाही, त्यामुळे रिकाम्या जागांचे काय करायचे हेही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकावे लागते.

मूळ संग्रहाकडे वळल्यावर काम अवघड होते, पण खरा लाभही तिथेच आहे. प्रकल्पाने द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला समांतर समुद्रावर एक जाळी आखली आहे. तिच्या रेषा एकमेकींपासून 100 किलोमीटरवर आणि प्रत्येक रेषेवरील स्थानके 20 किलोमीटरवर आहेत, आणि दक्षिणेकडील उन्हाळ्यात, साधारण जानेवारीत, जहाज त्या स्थानकांवर जाऊन तीच मापे पुन्हा घेते. प्राणिप्लवकासाठी दोन मीटर रुंदीच्या तोंडाचे जाळे 120 मीटर खोलीपर्यंत ओढले जाते. स्थानकाचे नाव ‘600.040’ असे लिहितात. त्यातला पहिला भाग रेषा सांगतो आणि दुसरा किनाऱ्यापासूनचे अंतर. आमच्या प्रयोगशाळेतील तक्त्यांच्या प्रणालीने ही दशांश संख्या आहे असे समजून शेवटचे शून्य गाळले आणि ‘600.04’ केले, तेव्हा एका गटाच्या नकाशावरील काही स्थानके भलत्याच ठिकाणी गेली. चूक शोधण्यासाठी मुलांना संचासोबतचे वर्णन पहिल्या ओळीपासून वाचावे लागले. कोणत्या रकान्यात काय आहे, एकक कोणते, जाळ्याच्या छिद्रांचा आकार किती, पद्धत कोणत्या वर्षी बदलली, हे सर्व त्या वर्णनात असते. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण आकड्यांची संख्या नसून हे वर्णन आहे. तीस वर्षांच्या नोंदी अनेक ठिकाणी सापडतील; त्या तीस वर्षांत माणसे, जहाजे आणि उपकरणे बदलूनही मोजण्याची रीत कशी सांभाळली, हे इतक्या नीटपणे लिहून ठेवलेले फार कमी ठिकाणी दिसते.

अशा सांभाळलेल्या नोंदींमधून हवामानबदलाची गोष्ट कशी उलगडते, हे विद्यार्थ्यांना दाखवताना मला आजही भरून येते. सागरी बर्फाचे सलग उपग्रहीय मापन 1978 च्या अखेरीस सुरू झाले, आणि त्यानंतरच्या तीन दशकांत या भागातील बर्फाचा हंगाम सुमारे तीन महिन्यांनी आखूड झाला. बर्फ उशिरा धरते आणि लवकर सुटते. क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्याच्या अळ्या हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शैवालावर जगतात, त्यामुळे बर्फाचा हंगाम लहान झाला की त्यांचा हिवाळा कठीण जातो. अ‍ॅडेली पेंग्विन मुख्यतः क्रिलवर पोसला जातो. 1970 च्या दशकाच्या मध्यास पामर केंद्राजवळच्या बेटांवर त्याच्या सुमारे 15,000 प्रजननक्षम जोड्या होत्या. आज त्यांचा पाचवा हिस्साही उरलेला नाही, आणि लिचफील्ड बेटावरची वसाहत तर पूर्णपणे संपली.

पण केवळ ‘बर्फ कमी, म्हणून क्रिल कमी, म्हणून पेंग्विन कमी’ एवढ्यावर थांबणे बरोबर नाही, आणि दीर्घ नोंदींचे महत्त्व इथेच कळते. याच प्रकल्पातील पेंग्विन-अभ्यासक विल्यम फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की एकाच बेटावरच्या वसाहतीही सारख्या वेगाने घटत नाहीत. नैर्ऋत्येकडील उतारांवरच्या वसाहती आधी संपतात. समुद्र उघडा राहिला की हवेत बाष्प वाढते आणि हिमवृष्टीही वाढते. वादळी वाऱ्यांच्या आडोशाला असलेल्या या उतारांवर तो हिम साचून राहतो आणि वितळताना घरट्यांत पाणी साचून अंडी व लहान पिल्ले दगावतात. अ‍ॅडेली मात्र आपल्या जन्मस्थळाला आणि ठरलेल्या वेळेला चिकटून असतो. तापमान वाढल्यामुळे बर्फ जास्त पडून पक्षी मरतो, हे ऐकून वर्ग गोंधळतो, आणि तो गोंधळ बेटांच्या वेगवेगळ्या मोजण्या समोर ठेवूनच सुटतो. त्याच काळात सागरी बर्फ टाळणारा जेंटू इथे येऊन स्थिरावला आणि वाढला. एकाच प्रजातीची, एकाच बेटाची, चार वर्षांची मोजणी हातात असती तर यातील काहीच दिसले नसते.

या सेवेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बहुतेक जैविक नोंदी ऑक्टोबर ते मार्च या काळातील आहेत. अंधाऱ्या हिवाळ्यात समुद्रात काय चालते याचे चित्र पाण्यात कायम ठेवलेली उपकरणे, उपग्रह आणि मोजक्या हिवाळी सफरी यांवरूनच उभे करावे लागते. सर्व वर्णने इंग्रजीत आणि शास्त्रीय परिभाषेत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही तास शिक्षकाचा हात धरावा लागतो; मी त्यासाठी रकान्यांच्या नावांची मराठी यादी करून ठेवली आहे आणि ती मागणाऱ्याला आनंदाने देतो. तिसरी मर्यादा वापरणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवायची आहे: ही एका प्रदेशाची कहाणी आहे. द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाजवळच्या डेंजर बेटांवर अ‍ॅडेलीच्या 7,51,527 जोड्या असल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे पश्चिमेला प्रजाती कोसळत असताना दुसऱ्या बाजूला तिच्या प्रचंड वसाहती टिकून होत्या. पामरच्या आकड्यांवरून ‘अंटार्क्टिकातील पेंग्विन संपत चालले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतो, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते.

निरीक्षण चालू राहील की नाही, ही चिंताही खरी आहे. ज्या ‘लॉरेन्स एम. गूल्ड’ जहाजावर या प्रकल्पाच्या वार्षिक सफरी वर्षानुवर्षे झाल्या, त्याची अंटार्क्टिक सेवा 2024 मध्ये संपली. सागरी बर्फ मोजणाऱ्या अमेरिकी लष्करी उपग्रहांची माहिती बंद होणार, अशी घोषणा 2025 मध्ये झाली होती आणि नंतर तिला मुदतवाढ मिळाली. दीर्घ नोंदीत पडलेले खिंडार पैसे देऊन नंतर बुजवता येत नाही. 2031 चा जानेवारी मोजायचा राहिला तर तो कायमचाच राहील.

हे सारे आपल्यापासून फार दूर आहे, असे कोणी म्हणेल. आपल्या देशाची मैत्री आणि भारती ही केंद्रे अंटार्क्टिकात आहेत, आणि उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरील काँग्सफ्योर्ड खाडीत 2014 पासून ‘इंडआर्क’ ही भारतीय निरीक्षण-यंत्रणा पाण्याखाली काम करू लागली. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे काम पाहते. पण मला त्याहून जवळचे कारण दिसते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले, म्हणजे उपग्रहांनी बर्फ मोजायला सुरुवात केली त्या सुमारासच. माळढोक आता इथे दिसलाच तर एखाददुसरा दिसतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्रगणना करणारी मुले माझ्या वर्गात असतात, आणि पामरचे वर्णन-पत्रक वाचल्यानंतर त्यांच्यातल्या काहींनी आपल्या वहीत मचाणाची जागा, ढगांची स्थिती, बसल्याची आणि उठल्याची वेळ व मोजणाऱ्याचे नाव लिहायला सुरुवात केली. या सेवेने मला दिलेल्या सर्व गोष्टींत ही मला सर्वांत मोलाची वाटते.

पाचपैकी साडेचार गुण मी देईन. अर्धा गुण भाषेच्या अडसरासाठी राखून ठेवतो. संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल आणि पर्यावरणशास्त्र या चारही विषयांच्या शिक्षकांनी ही आकडेवारी जरूर वापरावी. पहिले दोन तास ‘पामरपेंग्विन्स’ला द्यावेत, नंतर अ‍ॅडेलीच्या मोजणीचा संच घ्यावा आणि प्लवकाचा संच शेवटी उघडावा. स्थानकाचा रकाना आयात करताना तो अंक म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यावा, आणि प्रकल्प-अहवालात संचाचा डीओआय आवृत्ती-क्रमांकासह लिहावा.