डोस मोजायला पीएमटी की सिलिकॉन?

टीएलडी (मिळालेला किरणोत्साराचा डोस साठवून ठेवणारी आणि तापवली की प्रकाश देणारी चकती) वाचणारा रीडर आणि हातात धरायचं डोसमीटर, दोन्हींसाठी एकाच प्रकारचा प्रकाश-डिटेक्टर, म्हणजे पीएमटी (फोटोमल्टिप्लायर नळी) किंवा सिलिकॉनचा, घेतला तर चालेल का? माझ्या मते नाही. कारण किंमत नव्हे, दोन्हीकडे प्रकाश वेगळ्या पद्धतीने येतो.

आधी हातातलं मीटर. सीझियम-137 चा 662 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा गॅमा किरण सीझियम आयोडाइडच्या स्फटिकात पूर्ण शोषला गेला, की साधारण 35 हजार फोटॉन (प्रकाशकण) निघतात, त्यातले बरेचसे मायक्रोसेकंदाच्या आसपास. त्यांपैकी दहातला एकच सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरवर (एसआयपीएम, एकेक फोटॉन टिपणारी सिलिकॉन चिप) पोचला आणि त्यातले तीस टक्केच टिपले गेले, तरी हजारभर मोजले जातात. एसआयपीएम अंधारातही खोटे पल्स देतो, हे खरं. 6 बाय 6 मिलिमीटरच्या तुकड्याला चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला 50 हजार धरा. मायक्रोसेकंदात जेमतेम दोन येतात. थ्रेशोल्ड (ठरावीक उंचीखालचे पल्स न मोजण्याची मर्यादा) लावला की ते गळतात. तीस-पन्नास व्होल्टवर भागतं, चुंबकाजवळही चालतं. पीएमटी म्हणजे काचेची नळी आणि हजारेक व्होल्ट, खिशात नकोच.

टीएलडीची चकती तापवताना मात्र प्रकाश कित्येक सेकंद मंद झिरपत राहतो. थ्रेशोल्ड लावायला ठळक पल्सच नसतो. दहा सेकंदांत एसआयपीएमचे तेच खोटे पल्स 1 कोटी 80 लाख होतात. वजा करता येतात, पण तापमान हललं की वजाबाकीच हलते. चांगली पीएमटी खोलीच्या तापमानाला सेकंदाला काही शे खोट्या पल्सवर थांबते. रीडरसाठी डोळे मिटून पीएमटीच घ्या. फक्त हाय व्होल्टेज चालू असताना झाकण उघडू देऊ नका, खोलीतल्या उजेडानेही नळी कायमची खराब होऊ शकते.

साधा पिन डायोड (किरण थेट टिपणारा सिलिकॉनचा तुकडा) स्वस्त, पण त्याला स्वतःचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) नाही. धक्का बसला तरी आकडा उडतो आणि कमी ऊर्जेच्या एक्स-रेला तो डोस फुगवून दाखवतो. धातूचा फिल्टर बसवलेला असेल तरच विचार करा.

एसआयपीएमची खरी परीक्षा उन्हाळ्यात. दर अंशाला ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर गेल्यावरच तो फोटॉन मोजू लागतो) मॉडेलनुसार 20 ते 55 मिलिव्होल्टने वर सरकतं. एसी खोलीत 25 अंशांना कॅलिब्रेट केलेलं मीटर मे महिन्यात चंद्रपुरात 45 अंशांत नेलं, तर बायस (एसआयपीएमला दिलेलं व्होल्टेज) तोच ठेवून गेन तिसऱ्या हिश्शानेही घसरू शकतो आणि खोटे पल्स चौपट होतात. म्हणून विक्रेत्याकडे 25 आणि 45 अंशांना, त्याच किरणोत्सारी सोर्ससमोर घेतलेली रीडिंग मागा. बायसला तापमानाची भरपाई नसेल, तर ते मीटर घेऊ नका.