घरी येऊन गालिचा धुणारे, जळगाव: पैसे वसूल, फक्त तो स्प्रे नको

4 स्टार. जरा लांबलचक लिहितेय कारण जळगावात गालिचा कुठे धुवायचा असं विचारलं की कोणी धड काही सांगतच नाही, जो तो म्हणतो चटई घ्या ना बाई, आणि बरोबरच आहे म्हणा, चटयांचे कारखाने आपल्याच एमआयडीसीत, इथल्या उन्हाळ्यात लोकरीच्या गालिच्याची हौस करतं कोण. पण आमच्या हॉलमध्ये आहे एक, 6 बाय 9 चा, भदोहीचा हाताने विणलेला, दीर बनारसकडे नोकरीला होते तेव्हाचा. शिवाय बेडरूममध्ये एक छोटा ऑनलाइन घेतलेला, त्याचं पुढे येतंच.

मोठ्या गालिच्याचे हाल सांगते. एक तर धूळ. मे महिन्यात दुपारी वावटळ उठली की खिडक्या बंद असल्या तरी टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येतं, आणि ही आपली काळी माती, कोरडी असेपर्यंत ठीक, पाणी लागलं की चिकटून बसते. दुसरं म्हणजे शेवभाजीचा रस्सा सांडला होता, वरची तर्री सगळी लोकरीत, आणि सासूबाईंनी लगेच कपड्याचा साबण घेऊन चोळला तर पिवळा डाग चक्क लाल झाला! त्या घाबरल्या, पण हळदच ती, साबणातला खार लागला की लाल होणारच, हळदीला चुना लावून कुंकू करतात तसंच झालं. तिसरा डाग केळीच्या चिकाचा. यावलकडचे पाहुणे आख्खा घड घेऊन आले आणि कापलेला दांडा खाली करून ठेवला नेमका गालिच्यावर. तेव्हा पाण्यासारखा दिसतो तो चीक, नंतर काळा पडतो. आमचे हे म्हणाले भदोहीच्या गालिच्याला 2010 ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन मिळालं, आपल्या केळीला 2016 ला, दोघांची भेट आपल्याच हॉलमध्ये व्हायची होती. हसू आलं नाही मला.

तर हे लोक. फोनवरच विचारलं, लोकर आहे का सिंथेटिक, मागची बाजू कशी दिसते फोटो टाका, आणि पाणी बोअरचं का नळाचं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, शाम्पू नीट फुटत नाही आणि वाळल्यावर लोकर कडक होते, म्हणून नळाला वाघूर धरणाचं पाणी येईल त्या दिवशीच बोलवा म्हणाले. इथेच मला बरं वाटलं कारण याआधी एका लॉन्ड्रीवाल्याला गालिचा दिला होता त्याने काही न विचारता हौदात बुडवून दिला असावा, परत आला तो ओल्या कुत्र्याच्या वासाचा.

दोघं जण आले, सांगितलेल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा, पण आल्यावर पाण्याला हातच लावला नाही. आधी गालिचा उलटा टाकून मागून व्हॅक्यूम, मग सुलटा करून पुन्हा, आणि जी माती निघाली ती बघून मी गप्पच बसले, रोजचा झाडू वरच्यावर फिरतो हो नुसता. ही कोरडी माती आधी नाही काढली तर पाणी टाकल्यावर आतल्या आत चिखल होतो असं त्यांचं म्हणणं. मग पांढरं फडकं ओलं करून एकेका रंगावर दाबून धरलं, रंग उतरतो का बघायला. लाल रंग किंचित लागला म्हणून गरम पाणी कॅन्सल, साध्या पाण्यावर केलं.

मशीनचा खरा फायदा मला तेव्हा कळला. त्याच्या तोंडातून पाणी आणि थोडासा शाम्पू आत मारला जातो आणि लगेच तिथूनच परत ओढून घेतला जातो, मळकं पाणी वेगळ्या टाकीत जमा. आपल्याला वाटतं फेस जास्त म्हणजे धुलाई चांगली, उलट आहे ते, फेस आत राहिला तर वाळून चिकट होतो आणि पुढची धूळ दुप्पट पकडतो. यांनी नंतर नुसतं पाणी मारून पुन्हा पुन्हा ओढलं, टाकीतलं पाणी चहासारखं होतं ते नितळ दिसेपर्यंत. पैसे द्यायचे ते या ओढण्याचे. शाम्पू काय कोणीही लावेल. म्हणून कोणालाही बोलवाल तर मशीन पाणी परत ओढतं का नुसतं ब्रश फिरवतं हे आधी विचारा.

शेवभाजीच्या डागाला आधी तेलासाठी काहीतरी लावून टिपून घेतलं, घासलं नाही, मग पाणी घातलेलं व्हिनेगर, तसा लाल परत पिवळा झाला. उरलेल्या पिवळ्याला म्हणे थोडं कोवळं ऊन दाखवा, हळद उन्हाने उडते. उडाली खरंच, आता शोधावा लागतो. केळीच्या डागाजवळ बसून मात्र त्यातला मोठा भाऊ सरळ म्हणाला, "ताई, हा नाही निंघणार. घासत बसलो तं डाग राहीन आन् लोकर जाईन." मी म्हटलं ब्लीच? तर तो दचकलाच. ब्लीचमध्ये लोकर विरघळते, डागाच्या जागी भोक पडेल. डाग आहे तसाच आहे, त्यावर टीपॉय सरकवलाय. पण निघणार नाही हे आधीच सांगितलं याचे माझ्याकडून जास्त मार्क.

आता तो छोटा. त्यांनी उलटा करून दाखवला, मोठ्याच्या मागे एकेक गाठ दिसते आणि झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे, म्हणजे विणीतले उभे दोरे, छोट्याच्या मागे कापड चिकटवलेलं आणि झालर शिवलेली. म्हणजे टफ्टेड, आत रबरी डिंक, लॅटेक्स म्हणतात त्याला. भरपूर पाणी गेलं की तो डिंक सुटतो, कापड फुगतं, आणि आपल्याकडच्या उष्णतेने तर आधीच भुगा व्हायला लागलेला, खाली पिवळी पूड पडत होती तिला मी इतके दिवस फरशीचा दोष समजत होते. त्यांनी तो धुवायला चक्क नकार दिला, ओल्या फडक्याने वरून पुसून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ऑनलाइन घेताना त्या वर्णनात 'हँडमेड' लिहिलेलं होतं बरं का, आणि खोटंही नाही ते, हातात बंदुकीसारखं यंत्र धरून भरतात, विणत नाहीत एवढंच.

पैसे: चौरस फुटाला 18, म्हणजे 54 फुटांचे 972, वर येण्याजाण्याचे 200. हौदात बुडवणाऱ्यापेक्षा महाग आहे, पण मला पटलं.

आता तक्रारी. सुगंधी स्प्रे. न विचारता मारला, चमेली का काय, हॉलमध्ये आठवडाभर लग्नाच्या हॉलचा वास. तुम्ही आधीच नको म्हणा. डागरोधक कोटिंग घ्या, सोफा करून घ्या, हे मागे लागणंही होतं, एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा नको ना भाऊ. आणि मळकं पाणी बाथरूममध्ये ओतून गेले ते जाळीवर लोकरीचा गोळा ठेवून, तो मी काढला. तेवढ्यासाठी एक स्टार कमी.

वाळवायचं आपल्याकडे. भर उन्हात गच्चीवर टाकू नका, एका दुपारीत वाळेल पण रंगही जाईल, आम्ही पडवीत बाजेवर उलटा टाकला आणि फॅन लावला, खालून वारं लागल्याने लवकर सुकला. पावसाळ्यात बोलवूच नका, मागे ताग असलेला गालिचा असेल तर अजिबातच नाही, ओल राहिली की तागाचा तपकिरी रंग वर चढतो. उन्हाळ्यात आम्ही तो उचलूनच ठेवतो, घडी न घालता गुंडाळून, जुन्या सुती चादरीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि मध्ये डांबर गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, नाहीतर कसर लागते, लोकर खाणारी कीड ती. ठेवण्याआधी धुऊन घ्या म्हणाले ते, कारण कसरीला मळलेली लोकर जास्त आवडते.

फोन सकाळीच करा. दुपारी 1 ते 4 उचलत नाहीत, आणि मे महिन्यात मीही उचलला नसता.